मानवी हक्कांचे करार आणि आपण : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात १० डिसेंबरच्या मानवी हक्क दिनानिमित्त आम्ही एक लहान टिपण छापले होते. देशादेशांनी केलेल्या करारांचा सामान्य माणसाच्या जगण्याशी जवळचा संबंध असतो, असे त्यात म्हटले होते. त्यावर गोव्याच्या निरनिराळ्या तालुक्यांतून बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : नववीच्या वर्गात संयुक्त राष्ट्रांचा १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा शिकवताना एका मुलाने विचारले, “महायुद्ध जिंकलेल्या बड्या देशांनी हा जाहीरनामा लिहिला, मग तो आपला कसा?” त्याला काय सांगावे? (एक शिक्षिका, डिचोली)

उत्तर : मुलाच्या प्रश्नात अर्धे सत्य आहे आणि ते आधी मान्य करून मगच पुढे जावे. १९४५ साली सान फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रांची सनद तयार झाली, तेव्हा तिच्यावर सह्या करणाऱ्या अनेक देशांच्या ताब्यात वसाहती होत्या. त्या सनदेत मानवी हक्कांचा उल्लेख वारंवार येतो. पण कोणत्याही देशाच्या अंतर्गत कारभारात संयुक्त राष्ट्रांनी हस्तक्षेप करू नये, असे कलमही त्याच सनदेत आहे. सनदेची प्रस्तावना लिहिण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते यान स्मट्स दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान होते आणि त्यांच्याच सरकारने १९४६ मध्ये तेथील भारतीयांच्या जमीन घेण्याच्या व राहण्याच्या हक्कांवर बंधने घालणारा कायदा केला.

येथून पुढची हकिकत मुलांना अवश्य सांगावी. भारत अजून स्वतंत्र व्हायचा होता, तरी त्याने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या १९४६ च्या आमसभेत नेला. विजयालक्ष्मी पंडित शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या. हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, त्यात इतरांनी पडू नये, असा दक्षिण आफ्रिकेचा बचाव होता. ८ डिसेंबर १९४६ रोजी भारताच्या बाजूचा ठराव ३२ विरुद्ध १५ मतांनी संमत झाला. ७ देश तटस्थ राहिले. सरकार आपल्या हद्दीतील माणसांशी कसे वागते हा साऱ्या जगाच्या विचारण्याचा विषय आहे, हे तत्त्व त्या ठरावाने प्रथमच मतदानाच्या कसोटीवर उतरले, आणि ते उतरवले ते पारतंत्र्यातल्या एका देशाने. आज जे लोक मानवी हक्कांना परकी कल्पना म्हणतात, त्यांच्या हे लक्षात असायला हवे असे मला मनापासून वाटते.

जाहीरनाम्याच्या मसुद्याची गोष्टही अशीच आहे. मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट होत्या. फ्रान्सचे रेने कासाँ, लेबनॉनचे चार्ल्स मलिक, चीनचे पी. सी. चांग आणि संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातील कॅनडाचे जॉन हम्फ्री यांनी मसुद्यावर सर्वाधिक काम केले. भारताच्या प्रतिनिधी होत्या हंसा मेहता, सुरतेत जन्मलेल्या आणि आपल्या संविधान सभेच्या सदस्य. मसुद्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघू शकेल अशी शब्दयोजना होती. तिचा आधार घेऊन काही सरकारे स्त्रियांना बाहेर ठेवतील, असा आक्षेप त्यांनी घेतला आणि ‘सर्व माणसे’ असा बदल करून घेतला. महात्मा गांधींनाही युनेस्कोने त्यांचे मत विचारले होते. मे १९४७ मध्ये पाठवलेल्या उत्तरात त्यांनी लिहिले, की आपल्या अशिक्षित पण शहाण्या आईकडून आपण एवढे शिकलो, की हक्क हे नीट बजावलेल्या कर्तव्यातून येतात. जाहीरनाम्याच्या २९ व्या कलमात समाजाप्रती असलेल्या कर्तव्यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

१० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे मतदान झाले. ४८ देशांनी बाजूने मत दिले, विरोधात एकानेही दिले नाही आणि ८ देश तटस्थ राहिले. त्या आठांत सोव्हिएत संघ व त्याच्या गटातील देश, सौदी अरेबिया आणि दक्षिण आफ्रिका होते. जाहीरनाम्याची मुळे अर्थात याहून मागे जातात. युद्धातील जखमींविषयीचा १८६४ चा जिनिव्हा करार, १९१९ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि १९२६ चा गुलामगिरीविरोधी करार ही त्याची पूर्वपीठिका. नाझी राजवटीने लक्षावधी माणसांना स्वतःच्या देशाच्या कायद्याने हक्कहीन करून मारले, तेव्हा देशाचा कायदा पुरेसा नसतो, ही गोष्ट जगाला डोळ्यांआड करता येईना.

प्रश्न : आमच्या घरातील एक वडीलधारे मुक्तीपूर्वी आग्वादच्या तुरुंगात होते. १९४८ चा जाहीरनामा तेव्हा होता. मग तो गोव्याच्या उपयोगी का पडला नाही? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : गोव्याच्या लढ्याचा आरंभच मुळी नागरी हक्कांच्या मागणीने झाला आणि तो या जाहीरनाम्याच्या अडीच वर्षे आधी झाला. पोर्तुगीज आमदानीत परवानगीवाचून सभा घेता येत नसे आणि छापला जाणारा मजकूर आधी सेन्सॉरकडे जात असे. डॉ. राममनोहर लोहिया विश्रांतीसाठी असोळणे येथे डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्याकडे आले होते. त्या दोघांनी १८ जून १९४६ रोजी मडगावात बंदीहुकूम मोडून सभा घेतली आणि दोघांनाही अटक झाली. त्या दिवशी त्यांनी मागितले ते बोलण्याचे आणि एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य. पुढे जाहीरनाम्याच्या १९ व्या आणि २० व्या कलमांत हेच दोन हक्क आले. पणजीच्या १८ जून रस्त्यावरून रोज जा-ये करणाऱ्यांपैकी कितीजणांना ती तारीख या दोन हक्कांची आहे हे ठाऊक असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

सभा मोडून पोर्तुगीज सरकार थांबले नाही. गोव्याच्या लढ्यातील नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात पाठवले. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे आणि डॉ. राम हेगडे यांचीही रवानगी समुद्रापार झाली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही सरहद्द ओलांडून येत असताना त्यांच्यावर गोळीबार झाला. तुमच्या तालुक्यातील पत्रादेवी येथील स्मारक त्याचेच आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळू. जाहीरनामा हा करार नव्हता; तो मोडणाऱ्या सरकारला जाब विचारण्याची कोणतीही यंत्रणा त्यात नव्हती. शिवाय १९४८ मध्ये पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सभासदच नव्हता. तो १४ डिसेंबर १९५५ रोजी झाला, आणि तोवर त्याने कायदेशीर बचाव तयार करून ठेवला होता. १९५१ मध्ये आपली राज्यघटना बदलून त्याने वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ असे नाव दिले. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ७३ व्या कलमानुसार, ज्या देशांच्या ताब्यात स्वतःचे शासन नसलेले प्रदेश आहेत, त्यांनी तेथील परिस्थितीची माहिती नियमित द्यायची असते. पोर्तुगालला तशी विचारणा झाली तेव्हा, आमच्याकडे असा एकही प्रदेश नाही, आहेत ते आमचेच प्रांत आहेत, असे उत्तर त्याने दिले. दक्षिण आफ्रिकेने केलेला ‘अंतर्गत प्रश्न’ हा बचाव तो हाच. फक्त तो घटनादुरुस्तीच्या भाषेत मांडला होता.

या युक्तिवादाला उत्तर मिळायला पाच वर्षे लागली. तोपर्यंत आफ्रिका व आशियातील अनेक नवस्वतंत्र देश सभासद झाले होते आणि आमसभेतील मतांचे पारडे फिरले होते. १४ डिसेंबर १९६० रोजी वसाहतींच्या स्वातंत्र्याचा प्रसिद्ध ठराव आला. दुसऱ्या दिवशी आणखी दोन ठराव झाले. भौगोलिकदृष्ट्या दूर असलेला आणि संस्कृतीने वेगळा असलेला प्रदेश केवळ नाव बदलल्याने प्रांत होत नाही, हे पहिल्याने ठरवले. दुसऱ्याने पोर्तुगालच्या अशा प्रदेशांची यादीच दिली. त्या यादीत अंगोला व मोझांबिक यांच्याबरोबर गोव्याचे नाव होते. त्यानंतर वर्षभरात, १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. आदल्या दिवशी सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध ठराव आला, तेव्हा सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला. त्याच्याबरोबर सिलोन (आजची श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक यांनीही विरोधात मत दिले.

म्हणून जाहीरनामा उपयोगी पडला नाही, असे मी म्हणणार नाही. त्याने तुरुंगाचे दार उघडले नाही, हे खरे आहे. स्वातंत्र्यसैनिक मोहन रानडे मुक्तीनंतरही १९६९ पर्यंत आणि तेलो मास्कारेन्यस १९७० पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते. पण गोव्याचा प्रश्न हा लिस्बनचा घरगुती मामला आहे, हे म्हणणे १९६० नंतर कोणालाही मान खाली न घालता करता येत नव्हते, आणि दुबळ्याच्या हाती त्या काळी याहून मोठे शस्त्र क्वचितच आले असेल. १९७४ मध्ये पोर्तुगालची हुकूमशाही कोसळली. १९७६ च्या त्यांच्या नव्या राज्यघटनेत मूलभूत हक्कांचा अर्थ १९४८ च्या जाहीरनाम्याशी सुसंगत लावावा, असे कलम आहे. पेनिशच्या किल्ल्यात पोर्तुगालची स्वतःची माणसेही डांबलेली होती, हे येथे लक्षात घ्यावे.

प्रश्न : भारताने मान्य केलेला करार न्यायालयात दाखवून हक्क मागता येतो का? (विधी शाखेचा एक विद्यार्थी, पणजी)

उत्तर : थेट मागता येत नाही. प्रथम करार कोणते, ते पाहू. जाहीरनाम्यातील तत्त्वे बंधनकारक करण्यासाठी एकच करार करायचा असे आधी ठरले होते. पण शीतयुद्धाच्या ताणामुळे त्याचे दोन झाले. एक नागरी व राजकीय हक्कांचा आणि दुसरा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा. दोन्ही १६ डिसेंबर १९६६ रोजी स्वीकारले गेले आणि १९७६ मध्ये अमलात आले. दोहोंचे पहिले कलम एकच आहे, ते लोकांच्या स्वयंनिर्णयाचे. वसाहतीतून सुटलेल्या देशांच्या आग्रहाने ते तेथे आले. भारत १० एप्रिल १९७९ रोजी दोन्हींत सामील झाला, मात्र स्वयंनिर्णयाचे कलम परकी सत्तेखालील लोकांनाच लागू आहे, असे आपले निवेदन त्याने जोडले.

आपल्या संविधानाचे ५१ वे कलम आंतरराष्ट्रीय करारांविषयी आदर बाळगण्यास सांगते आणि २५३ वे कलम करार अमलात आणण्यासाठी संसदेला कायदा करण्याचा अधिकार देते. संसदेने कायदा केल्यावाचून करार देशाचा कायदा होत नाही. तरीही न्यायाधीश कायद्याचा अर्थ लावताना करार समोर ठेवतात, आणि त्याचे फार सुंदर उदाहरण १९८० चे जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन हे आहे. बँकेला वसुलीचा हुकूमनामा मिळाला होता आणि कर्ज न फेडल्याबद्दल कर्जदारांना अटक करून दिवाणी तुरुंगात ठेवण्याची कारवाई सुरू होती. केवळ व्यवहारात ठरलेली रक्कम फेडण्याची ऐपत नाही म्हणून कोणाला तुरुंगात टाकू नये, असे नागरी हक्कांच्या कराराचे ११ वे कलम सांगते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते कलम भारतात आपोआप लागू होत नाही, हे स्पष्ट केले. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ५१ व्या कलमाचा अर्थ त्या प्रकाशात लावून, कर्जदाराची ऐपत असूनही तो लबाडीने पैसे देत नाही, हे दिसल्याशिवाय त्याला कोठडीत घालता येणार नाही, असा निर्णय दिला. दारिद्र्य हा गुन्हा नाही, हे तत्त्व अशा वळणाने आपल्या कायद्यात पक्के झाले.

दुसरे उदाहरण अधिक परिचयाचे आहे. राजस्थानात बालविवाह रोखण्याचा प्रयत्न करणाऱ्या सरकारी योजनेतील एका साथिणीवर, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्तीवर, सामूहिक बलात्कार झाला. त्यातून विशाखा खटला उभा राहिला आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, देशात कायदा नसल्याने, स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धच्या १९७९ च्या कराराचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध स्वतःच नियम घालून दिले. संसदेचा कायदा त्यानंतर १६ वर्षांनी, २०१३ मध्ये आला. दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा वेर्ण्याच्या कारखान्यात वा पणजीच्या कार्यालयात आज जी अंतर्गत समिती असायला हवी, तिची वंशावळ अशी आहे.

एका उणिवेविषयी मात्र मला स्पष्ट बोलले पाहिजे. छळाविरुद्धच्या १९८४ च्या करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली, पण आजवर त्याचे अनुसमर्थन केलेले नाही, म्हणजे तो बंधनकारक म्हणून मान्य केलेला नाही. त्यासाठीचे विधेयक २०१० मध्ये लोकसभेत संमत झाले आणि पुढे ते बारगळले. ज्या भूमीतल्या माणसांनी परकी पोलिसांच्या कोठडीतली मारहाण सोसली, त्या गोव्याच्या प्रतिनिधींनी तरी हा विषय संसदेत सतत लावून धरायला हवा.

प्रश्न : लग्नाच्या वेळी आम्हांला सिव्हिल रजिस्ट्रारच्या कचेरीत दोनदा जाऊन सह्या कराव्या लागल्या. माझ्या सासरच्या, बेळगावकडच्या, मंडळींना याचे नवल वाटले. हा नियम कोणत्या आंतरराष्ट्रीय करारामुळे आला का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : नाही, हा नियम पोर्तुगीज कायद्यातून आला आणि मुक्तीनंतरही चालू राहिला. आधी इराद्याची नोंद, मग ठरलेल्या मुदतीनंतर साक्षीदारांसमोर रजिस्टरवर सही, ही पद्धत गोव्यात सर्व धर्मांच्या लोकांच्या अंगवळणी पडलेली आहे. पण तुमच्या प्रश्नाचा एक धागा कराराशी जुळतो. वर उल्लेखिलेल्या १९७९ च्या कराराचे १६ वे कलम विवाहनोंदणी सक्तीची करण्यास सांगते. ९ जुलै १९९३ रोजी भारताने हा करार मान्य केला, तेव्हा एवढ्या विशाल आणि विविध चालीरीतींच्या देशात अशी सक्ती व्यवहार्य नाही, असे निवेदन जोडले. गोव्यात ती गोष्ट तेव्हा कित्येक दशके व्यवहारात होती! पुढे २००६ मध्ये सीमा विरुद्ध अश्वनी कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना विवाहनोंदणी सक्तीची करण्यास सांगितले. त्या निकालपत्रात या कराराचा आणि गोव्याच्या कायद्याचा, दोहोंचा उल्लेख आहे.

याचा अर्थ गोव्याचा कायदा सर्वांगी समतेचा आहे, असे समजू नये. हिंदूंच्या रूढींविषयीच्या १८८० च्या पोर्तुगीज हुकमात, पत्नीला ठरावीक वयापर्यंत मूल वा मुलगा झाला नाही तर पतीला दुसऱ्या विवाहाची मुभा होती. ती व्यवहारातून गेली असली, तरी त्या कराराच्या कसोटीवर ती कधीच टिकली नसती.

प्रश्न : मुलगा तारवटी आहे, परदेशी कंपनीच्या जहाजावर. पगार थकला तर त्याला कोणता कायदा वाली? (एक आई, वास्को)

उत्तर : आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००६ चा सागरी कामगार करार. तो २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने २०१५ मध्ये तो मान्य केला. पनामा आणि बहामास या, ज्यांचे झेंडे अनेक जहाजांवर असतात, त्या देशांनीही तो मान्य केला आहे. मुलाकडे सही झालेल्या नोकरीच्या कराराची प्रत असलीच पाहिजे. दर २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती हा त्याचा हक्क आहे. सलग दोन महिन्यांचा पगार थकला, तर जहाजमालकाने खलाशाला वाऱ्यावर सोडले असे मानले जाते आणि अशा वेळी परतीचा खर्च व चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार देण्यासाठी मालकाने आधीच विमा किंवा हमी घेतलेली असावी लागते. तिचे प्रमाणपत्र जहाजावर दिसेल असे लावलेले असते. तक्रार जहाजावर करता येते, तशीच कोणत्याही बंदरातील अधिकाऱ्यांकडेही करता येते. नोकरी मिळवून देण्यासाठी एजंटाने खलाशाकडून शुल्क घेणे या कराराला मान्य नाही. एजंटाकडे मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे की नाही, हे निघण्याआधीच पाहून घ्यावे.

आखातात जमिनीवर काम करणाऱ्यांची स्थिती इतकी बरी नाही. स्थलांतरित कामगारांचा १९९० चा स्वतंत्र करार आहे; पण आखाती देशांनी तो स्वीकारला नाही आणि भारतानेही नाही. इतकी माणसे बाहेर पाठवणाऱ्या आपल्या देशाने तो न स्वीकारणे मला अजिबात पटत नाही.

प्रश्न : सरकारी अधिकाऱ्याने हक्क डावलला तर तक्रार कोठे करावी? (दोन वाचक, सत्तरी व काणकोण)

उत्तर : १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याने राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झाला, राज्याचा आयोग पणजीत आहे. सरकारी नोकराने केलेले हक्काचे उल्लंघन, किंवा ते रोखण्यात त्याने केलेली हयगय, हा आयोगाचा विषय आहे. शेजाऱ्याशी असलेला जमिनीचा किंवा वाटणीचा तंटा तेथे नेऊ नये. घटना घडल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते; ही मुदत चुकल्याने अनेक खऱ्या तक्रारी वाया जातात. शुल्क नाही आणि वकील लागत नाही. राष्ट्रीय आयोगाकडे संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीत किंवा कोकणीतही, लिहिता येते. आयोग शिफारस करतो, शिक्षा देत नाही. सरकारने शिफारस मानली नाही तर आयोग उच्च न्यायालयाकडे जाऊ शकतो, आणि नागरिकालाही पर्वरी येथील गोवा खंडपीठाकडे स्वतंत्रपणे जाता येते. तक्रारीत तारीख, ठिकाण, कचेरीचे नाव आणि जे घडले ते क्रमाने लिहावे, सोबत असलेल्या कागदांच्या प्रती जोडाव्यात, मूळ कागद देऊ नयेत, आणि अर्ज दिल्याची पोचपावती घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.